आपल्याच सरकारने नाकारलेला अहवाल

(आपल्या मंचाच्या बेसिंगस्टोक येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी जे तपशील गाळावे लागले, ते इथे घातले आहेत.)



विषय जरा कोरडा आहे, तेव्हा चहा आधी झाला हे बरे झाले.

सरकारी संस्थांवर विरोधी पक्षाने टीका केली तर त्यात नवल नाही, ते त्याचे कामच आहे. माझा आजचा विषय त्याहून वेगळा आहे. सत्तेवर बसलेली माणसे स्वतःच्याच सरकारने नेमलेल्या, स्वतःच्याच तिजोरीतून पगार घेणाऱ्या, स्वतःच्याच कायद्याने उभ्या राहिलेल्या संस्थेला खोटे पाडतात, तेव्हा नेमके काय होते? आणि त्याची किंमत कोण मोजते? मी राज्यशास्त्राची अभ्यासक नाही. औषधांच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. पण मोजमाप करणारे उपकरण आणि त्या मोजमापाने अडचणीत येणारा माणूस यांचे नाते मी रोज पाहते. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. चाचणीचा निकाल मर्यादेबाहेर आला तर तो निकाल पुसता येत नाही. तो का आला याची चौकशी करावी लागते, ती लिहून ठेवावी लागते, आणि उत्पादन खात्याच्या प्रमुखाला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. हवा तो आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा चाचणी करण्याला १९९३ मध्येच अमेरिकेतल्या एका न्यायालयाने चाप लावला.

आधी इथलेच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या सगळ्यांच्या खिशाला लागलेले आहे. २०१० मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे ओबीआर, ही संस्था काढली. अर्थमंत्र्याने आपल्या सोयीचे अंदाज मांडू नयेत, अंदाज स्वतंत्र माणसांनी करावेत, एवढाच हेतू. बारा वर्षांनी त्याच पक्षाच्या लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या. अर्थखात्याचे सर्वांत ज्येष्ठ सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना पहिल्याच आठवड्यात घरी पाठवण्यात आले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी दशकांतली सर्वांत मोठी करकपात जाहीर केली, आणि ओबीआरचा अंदाज सोबत न जोडता. पुढचे आपण सगळ्यांनी पाहिले. तीन दिवसांत पौंडाने डॉलरच्या तुलनेत नीचांक गाठला. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावे लागले. दोन वर्षांच्या फिक्स्ड मॉर्गेजचा सरासरी दर ऑक्टोबरमध्ये सहा टक्क्यांवर गेला. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. बेसिंगस्टोकमध्ये त्या शरदात ज्यांचा फिक्स्ड दर संपत होता, त्यांना स्वतंत्र संस्था कशासाठी असतात हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

इथे शिक्षा ताबडतोब झाली. का झाली? ब्रिटिश माणूस फार तत्त्वनिष्ठ आहे म्हणून नव्हे. ज्यांचे नुकसान होत होते त्यांच्या हातात ताकद होती म्हणून. रोखेबाजार, पेन्शन फंड, घरमालक मतदार. नुकसान सोसणारे जेव्हा गरीब आणि अल्पसंख्य असतात, तेव्हा काय होते? त्यासाठी मी तुम्हाला मुंबईला नेणार आहे.

डिसेंबर १९९२. बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. डिसेंबरमध्ये पाच दिवस आणि पुन्हा ६ ते २० जानेवारी १९९३. आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीत शाळा-कॉलेजे बंद आणि लोकलचा गोंधळ एवढेच असेल. शहरात ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळखच पटली नाही, आणि ५ इतर. २५ जानेवारी १९९३ रोजी सुधाकरराव नाईकांच्या काँग्रेस सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा चौकशी आयोग नेमला.

हा आयोग म्हणजे काय, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. चौकशी आयोग कायदा १९५२ चा. आयोगाला साक्षीदार बोलावता येतात, शपथेवर साक्ष घेता येते, सरकारी कागद मागवता येतात. ज्याच्या नावलौकिकाला धक्का बसू शकतो त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. पण आयोग कोणाला शिक्षा देऊ शकत नाही, आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच दालमिया प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. म्हणजे आयोग हे मोजमापाचे साधन. आकडा सांगायचा, औषध सरकारने द्यायचे. सरकारने सहा महिन्यांच्या आत अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा आणि आपण काय करणार हे सोबतच्या कृती अहवालात सांगायचे, एवढे मात्र कायद्यात आहे.

श्रीकृष्ण आयोगाने पाचशेच्या वर साक्षीदार तपासले. एकेका पोलीस ठाण्याच्या हद्दीत कुठे, कधी, काय झाले याचा हिशेब मांडला. हे चालू असताना १९९५ च्या मार्चमध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. या सरकारने आधी आयोगाची कार्यकक्षा वाढवून १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही त्यात घातले. त्याला कोणी हरकत घेण्याचे कारण नव्हते, त्या स्फोटांत २५७ माणसे गेली होती. पण मग २३ जानेवारी १९९६ रोजी सरकारने आयोगच गुंडाळून टाकला. विलंब होतो आहे, असे कारण दिले. तीन वर्षे काम झाले होते, साक्षी नोंदल्या गेल्या होत्या, आणि जे लोक स्वतः चौकशीच्या फेऱ्यात होते त्यांचाच पक्ष मंत्रालयात बसला होता. कायद्याच्या सातव्या कलमाने सरकारला तो अधिकार दिला आहे. आयोगाची गरज उरली नाही असे सरकारला वाटले की एक अधिसूचना काढली, काम संपले.

बरीच ओरड झाली. मे महिन्यात दिल्लीत वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार आले, त्यांनी सांगितले, आणि २८ मे १९९६ रोजी आयोग पुन्हा जिवंत झाला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. भाजपच्याच पंतप्रधानाला आयोग बंद करणे गैर वाटले. तेव्हा हा प्रश्न डाव्या-उजव्यांचा नाही.

१६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल सरकारच्या हातात पडला. तो विधिमंडळात आला ६ ऑगस्टला, सहा महिन्यांची मुदत संपायला दहा दिवस उरले असताना. अहवालाने शिवसेना आणि तिच्या नेत्यांवर जानेवारीतल्या दंगलीच्या संघटित हल्ल्यांची जबाबदारी टाकली होती, ३१ पोलिसांवर ठपका ठेवला होता. पण त्याच अहवालाने डिसेंबरमध्ये मुसलमान जमावांनी केलेली हिंसा लपवली नव्हती. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदू कुटुंबातली माणसे जिवंत जाळली गेली, तीही नोंद त्यात आहे. काँग्रेसच्या नाईक सरकारच्या कचखाऊपणावर कोरडे ओढले आहेत. म्हणजे ज्या सरकारने आयोग नेमला त्यालाही सोडलेले नाही.

जोशी सरकारने काय केले? अहवाल एकतर्फी आहे, हिंदूविरोधी आहे, असे सांगून त्यातला गाभा फेटाळला. एखाद्या निष्कर्षाविरुद्ध पुरावा मांडला असता तर गोष्ट वेगळी. तसे झाले नाही. आकडा आवडला नाही म्हणून थर्मामीटरच पक्षपाती ठरवला गेला.

आता गंमत बघा. ज्या न्यायमूर्तींना पक्षपाती ठरवले, ते २००२ मध्ये, केंद्रात भाजपप्रणित सरकार असताना, सर्वोच्च न्यायालयात गेले. निवृत्तीनंतर काँग्रेसप्रणित सरकारने त्यांना सहाव्या वेतन आयोगाचे अध्यक्ष केले. तेलंगणाचा प्रश्न चिघळला तेव्हा २०१० मध्ये त्यांचीच समिती नेमली. २०१७ मध्ये मोदी सरकारने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा कसा असावा हे ठरवायला पुन्हा त्यांनाच बोलावले. म्हणजे सर्व पक्षांना या माणसाची निष्पक्षता मान्य आहे, एक अहवाल सोडून!

आणि वेतन आयोगाच्या शिफारशीही कायद्याने बंधनकारक नसतात बरे का. तरी मार्च २००८ मध्ये आलेला तो अहवाल ऑगस्टमध्ये, पाच महिन्यांत, केंद्र सरकारने स्वीकारला. त्याच लेखणीचा, त्याच काळजीने लिहिलेला दंगलीचा अहवाल मात्र कपाटात. फरक एवढाच, की एका अहवालामागे लाखो संघटित कर्मचारी उभे होते आणि दुसऱ्यामागे मोहम्मद अली रोडच्या, जोगेश्वरीच्या, धारावीच्या विधवा.

इथपर्यंत ऐकून आपल्यातल्या काँग्रेसप्रेमी मंडळींना बरे वाटले असेल. त्यांच्यासाठी पुढचा भाग.

१९९९ च्या निवडणुकीत काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांनी श्रीकृष्ण अहवालाची अंमलबजावणी करू असे सांगून मते मागितली. सत्ता मिळाली, आणि ती पंधरा वर्षे टिकली. २५ जुलै २००० रोजी, छगन भुजबळ गृहमंत्री असताना, 'सामना'तल्या अग्रलेखांबद्दल बाळ ठाकरे यांना अटक झाली. शहर ठप्प झाले, वाहिन्यांवर दिवसभर थेट प्रक्षेपण. आणि न्यायालयाने त्याच दिवशी प्रकरण बंद केले, कारण खटला दाखल करण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मुदतीचा नियम सरकारी वकिलांना आधी ठाऊक नव्हता असे मानायला माझे मन तयार नाही. पोलिसांवरच्या कारवाया खात्याच्या चौकशीत विरल्या. २००८ मध्ये माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना चिथावणीखोर भाषणाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली, ती ठळक अपवाद म्हणूनच लक्षात राहते. बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शंभर जण दोषी ठरले, आणि ते योग्यच झाले. दंगलीत त्याच्या तिपटीहून जास्त माणसे मेली, आणि दोषी ठरलेले बोटांवर मोजावेत इतके.

तेव्हा संस्था मारण्याचे दोन प्रकार आहेत. एक उघड: आयोग बंद करा, न्यायमूर्तीला पक्षपाती म्हणा. दुसरा सभ्य: अहवाल स्वीकारा, त्याला हार घाला आणि विसरून जा. माझ्या मते दुसरा प्रकार जास्त घातक. उघड हल्ल्याला निदान विरोध तरी होतो. १९९६ मध्ये ओरड झाली म्हणून आयोग परत आला. स्वीकारून विसरणाऱ्या सरकारविरुद्ध ओरड कसली करणार?

शेवटी काम न्यायालयालाच करावे लागले. २००१ पासून पडून असलेल्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. दंगलीला तीस वर्षे होत आली होती. न्यायालयाने म्हटले की लोकांच्या जिवाचे रक्षण करण्यात राज्य सरकार कमी पडले, म्हणून नुकसानभरपाई हा पीडितांचा हक्क आहे. १६८ माणसे बेपत्ता म्हणून नोंदलेली, त्यांतल्या १०८ जणांच्या घरच्यांपर्यंत भरपाई पोचलेलीच नव्हती. त्यांना शोधा, व्याजासह पैसे द्या, आणि आरोपी सापडत नाहीत म्हणून सुप्त पडलेल्या ९७ खटल्यांकडे पुन्हा बघा, असे आदेश निघाले. तीस वर्षांनी माणसे शोधायची! ज्या आईला भरपाई द्यायची ती जिवंत तरी असेल का, हा प्रश्न निकालपत्रात नाही, पण तो आपल्याला पडायला हवा.

आता काही आक्षेप. असे विषय निघाले की ते नेहमी येतात.

पहिला: निवडून आलेले सरकार श्रेष्ठ की न निवडलेला न्यायाधीश? निर्णय घेण्याच्या बाबतीत सरकार श्रेष्ठ, यात वाद नाही. पण ९ जानेवारीला अमुक गल्लीत गोळी कोणी झाडली, हे मतदानाने ठरत नाही. बहुमताने पाण्याचा उत्कलनबिंदू बदलत नाही. निवडणूक जिंकलेल्याला धोरण ठरवण्याचा अधिकार मिळतो, घडलेली गोष्ट न घडलेली करण्याचा नाही.

दुसरा: आयोग म्हणजे वेळकाढूपणाच असतो. पुष्कळदा असतो, मान्य. पण मग तो बंद करायला इतकी घाई का झाली? ज्याचा काहीच उपयोग नाही त्याला कोणी घाबरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो, तोही आपल्याच घरांतून: जुन्या जखमा कशाला उकरायच्या? इथे मी ब्रिटनकडे बोट दाखवीन, आणि कौतुकाने नव्हे. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला, तेरा माणसे त्या दिवशी मेली. लगेच लॉर्ड विजरी यांची चौकशी झाली, आणि तिने काही आठवड्यांत सैन्यावर सफेदी फासली. म्हणजे सुरुवात आपल्याहून वाईट. पण मेलेल्यांच्या नातेवाइकांनी पिच्छा सोडला नाही. जानेवारी १९९८ मध्ये लॉर्ड सॅव्हिल यांची नवी चौकशी जाहीर झाली. श्रीकृष्ण अहवाल सादर होण्याच्या अवघे तीन आठवडे आधी. तिला बारा वर्षे लागली, अफाट खर्च झाला, त्यावर टीकाही झाली. १५ जून २०१० रोजी डेव्हिड कॅमेरून संसदेत उभे राहिले, सैन्याचे कृत्य समर्थनीय नव्हते असे म्हणाले आणि सरकारच्या वतीने माफी मागितली. ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे, आणि १९७२ मध्ये सरकारही त्यांच्याच पक्षाचे. शिक्षा? एका माजी सैनिकावर खटला चालला, २०२५ मध्ये तो निर्दोष सुटला. म्हणजे तुरुंगात कोणी गेले नाही. पण मेलेली माणसे निरपराध होती हे आता राज्याचे अधिकृत म्हणणे आहे. कोणताही पक्ष आला तरी ते पुसता येत नाही.

मुंबईत नेमके हेच राहून गेले. तिथे अहवाल आहे, पण तो राज्याचे म्हणणे झाला नाही. म्हणून प्रत्येक घरात दंगलीची वेगळी कथा आहे, आणि मुले आपापल्या घरातली कथा घेऊन मोठी होतात. पोलिसांनीही त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला: ठपका लागला तरी फारसे काही होत नाही.

मग आपण काय करायचे? आपण इथे हॅम्पशायरमध्ये बसलेले डॉक्टर, इंजिनियर, संगणकवाले. आपल्यातल्या ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले त्यांना तिकडे मत नाही. तरीही आपल्याकडे दोन-तीन गोष्टी आहेत.

एक, कायद्यात बदलाची मागणी. इथला इन्क्वायरीज अॅक्ट २००५ चा. त्यातही मंत्री चौकशी बंद करू शकतो. पण आधी अध्यक्षांशी बोलावे लागते, कारणे लेखी द्यावी लागतात आणि ती संसदेपुढे ठेवावी लागतात. १९५२ च्या आपल्या कायद्यात एवढी जरी भर पडली, तरी एका अधिसूचनेत आयोग संपवणे जड जाईल. त्याला जोडून दुसरी मागणी: प्रत्येक शिफारशीपुढे हो किंवा नाही, नाही तर का नाही, हो तर कधीपर्यंत, असे लिहून दर वर्षी विधानसभेत हिशेब द्यावा. आपण आपल्या कंपन्यांत ऑडिटच्या मुद्द्यांचा हिशेब असाच देतो, त्यात क्रांतिकारक काही नाही. आमदारांना पत्र लिहायला मतदार असावे लागत नाही. पुण्या-मुंबईत आपले भाऊ-बहिणी मतदार आहेतच.

दोन, अहवाल वाचा. आपल्यापैकी किती जणांनी तो उघडून पाहिला आहे? त्यावर मते मात्र सगळ्यांना आहेत. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा आपण राहत होतो त्या भागाचे पोलीस ठाण्याचे प्रकरण तरी वाचून या. डोंगरी, माहीम, जोगेश्वरी, जे आपले असेल ते. आपण त्यावर एक दुपार बोलू.

तीन, आणि हे सर्वांत अवघड. ट्रसबाईंनी ओबीआर बाजूला ठेवला तेव्हा आपण संतापलो, आणि घरच्या व्हॉट्सअॅप गटावर 'खमक्या नेत्याला या समित्यांनी काम करू दिले नाही' असा मजकूर आला की अंगठा वर करतो. इथे संस्था हव्यात कारण आपले घर आहे, तिथे नेता हवा कारण नुकसान दुसऱ्याचे आहे. ही दुहेरी मापे आपण आधी टाकली पाहिजेत. आवडत्या पक्षाचे सरकार असतानाही, किंबहुना तेव्हाच, 'त्या अहवालाचे काय झाले?' असे विचारता आले पाहिजे. विचारणारे कमी आहेत म्हणून तर कपाटे भरली आहेत.

माझे बोलणे इथे संपले. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ, आक्षेप असतील तर ते आधी घेऊ.